डाव्या गालावरचा ठिपका

औषधांच्या दुकानातल्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाईनं वळून "जरा लांब उभे राहा, मानेवर श्वास येतोय," असं सुनावलं, आणि सर्जनच्या हातातली चिठ्ठी गळून पडली. बाईंच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. श्वास येतच असणार, कारण त्यांच्या मानेवर एक पांढरा दोरा पडला होता आणि तो उचलावा की न उचलावा या विचारात तो जरा जास्तच वाकला होता. पण चिठ्ठी पडली ती त्या बोलण्यानं नव्हे. वळलेल्या चेहऱ्याच्या डाव्या गालावर, नाकपुडीपासून दोन बोटं लांब, मोहरीएवढा काळा तीळ होता, आणि तीन दिवसांपूर्वी हाच तीळ सर्जननं ब्लेडच्या टोकानं खरवडून काढला होता. बाईंना अर्थात यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी कपाळाला आठी घालून खाली पडलेल्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं, "उचला ती," म्हणाल्या, आणि त्यानं शाळेतल्या पोरासारखी ती उचलली. सरळ होईपर्यंत बाई खोकल्याच्या बाटलीसकट दुकानाबाहेर पडल्या होत्या. तो काउंटरसमोर उभा राहिला आणि औषधवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याला आठवलं, की आपण बायकोच्या गुडघ्यांसाठी मलम न्यायला आलो आहोत.

सर्जन हे काही त्याचं नाव नव्हतं. एका फोटोग्राफरनं बावीस वर्षांपूर्वी गमतीनं तसं म्हटलं आणि ते अंगाला चिकटलं ते चिकटलंच. पुढं बायकोही माणसांसमोर तसंच म्हणायला लागली. काम त्याचं फोटोंवरचे डाग काढण्याचं. निगेटिव्हवर धूळ बसली की प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो, तो पाण्यात कालवलेल्या शाईनं, दोनचार केसांच्या ब्रशानं भरून टाकायचा. निगेटिव्हला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं असेल तर काळा ठिपका येतो, तो ब्लेडनं अलगद खरवडायचा, आणि मग तिथं आजूबाजूच्या करड्या रंगाची शाई अशी बसवायची, की कागदाला आपल्याला कधी काही झालं होतं याची आठवणही राहू नये. ब्रशाला टोक आणायला तो जिभेवर फिरवावा लागे. त्यामुळे सर्जनच्या जिभेचा शेंडा कायमचा करडा झाला होता आणि दातांचा डॉक्टर बदलला की नवा डॉक्टर दरवेळी घाबरायचा. आता रंगीत फोटो यंत्रातूनच धुतल्या तोंडाचे बाहेर पडतात, त्यांना सर्जन लागत नाही. राहिले होते ते दोनचार हट्टी लोक, अंधाऱ्या खोलीत काळेपांढरे प्रिंट काढणारे, आणि त्यांच्यात सगळ्यांत हट्टी हा फोटोग्राफर. एकतीस वर्षांत सर्जनच्या हातून चूक झाली नव्हती. निदान कुणी दाखवली नव्हती, आणि तो स्वतः तर दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यात इतका गुंतलेला असे, की आपल्या चुका बघायला त्याला सवडच मिळाली नाही. फोटोग्राफरला तो तोंडावर सांगायचा, "तुमच्या त्या खोलीत फोटो कमी आणि धूळ जास्त निघते. एकदा झाडू मारून बघा." फोटोग्राफर सगळ्या जगाशी भांडायचा, पण हे ऐकून मान खाली घालायचा. ही खाली गेलेली मान सर्जनच्या आयुष्यातली एक मोठी कमाई होती. आणि आता, मलमाची नळी हातात घेऊन घरी चालताना, ती मान हळूहळू वर येताना त्याला दिसायला लागली.

फोटोग्राफर रस्त्यावर अनोळखी माणसांना थांबवून त्यांचे फोटो काढायचा. ना ओळख ना पाळख, "एक मिनिट, असेच उभे राहा" म्हणायचा आणि लोकही, काय आश्चर्य, उभे राहायचे. नाव विचारायचं नाही हा त्याचा नेम; फोटोच्या पाठीमागं तारीख, वार आणि रस्त्याचा कोपरा तेवढा लिहायचा. या वेळी असे साठ चेहरे मोठे करून, काच न लावता, पुठ्ठ्यावर चिकटवून त्याचं प्रदर्शन शनिवारी संध्याकाळी पाच वाजता उघडणार होतं. ज्यांचे फोटो काढले त्या प्रत्येकाला त्यानं रस्त्यातच आमंत्रणाचं कार्ड दिलं होतं. दारातच लावायचा फोटो त्या बाईंचा होता. हातात छत्री, मागं भिंत, आणि चेहऱ्यावर 'काय ते लवकर उरका' असा भाव. फोटो होता मात्र जबरदस्त, हे सर्जनच्या आता लक्षात येत होतं. तेव्हा आलं नव्हतं. तेव्हा त्याला चेहरा दिसलाच नव्हता, दिसला होता फक्त काळा ठिपका, आणि मनात तो फोटोग्राफरला म्हणालाही होता, "पुन्हा निगेटिव्हला भोक. कुठं खुपसता हो टाचण्या?" खरवडून झाल्यावर त्यानं प्रिंट लांब धरून बघितला होता, आणि त्याला नेहमीसारखं हलकं हलकं वाटलं होतं, घरातला पसारा आवरून झाल्यावर वाटतं तसं.

तो फोटोग्राफरकडे सरळ जाऊन सांगू शकत होता. दुसरा प्रिंट काढायला दोन तास लागले असते. पण तिथंच तर सगळं अडलं होतं. एकतीस वर्षं नाक वर करून वावरलेल्या माणसानं जाऊन म्हणायचं काय, की मला डाग आणि तीळ यातला फरक कळला नाही? आणि कशावरून तो तीळ होता, असंही त्याच्या मनानं लगेच सुचवलं. मन अशा कामात फार हुशार असतं. स्वयंपाकघरातली काजळी असेल. डोळ्यांतलं काजळ ओघळलं असेल. बाई शाईशी संबंधित काही काम करत असतील. म्हणून खात्री करून घ्यायला तो दुसऱ्या दिवशी त्याच वेळी औषधांच्या दुकानात गेला आणि काहीतरी घ्यायला हवं म्हणून घशाच्या गोळ्या घेतल्या. बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेला आणि डोकेदुखीचा बाम घेतला. औषधवाल्यानं बामाची बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता त्याच्याकडे टक लावून बघितलं.

"परवा गुडघे, काल घसा, आज डोकं," तो म्हणाला. "काका, एकदा सगळं तपासून का घेत नाही?"

"परवा माझ्यापुढं एक बाई उभ्या होत्या," सर्जन म्हणाला. "छत्रीवाल्या."

"घंटेच्या बाई? शाळेत घंटा देतात त्या. मी शाळेत होतो तेव्हाही त्याच होत्या." औषधवाला आपोआप थोडा ताठ उभा राहिला. "का हो?"

"त्यांच्या गालाला काही लागलंय का?"

औषधवाल्यानं गुंडाळलेली बाटली त्याच्यापुढं सरकवली. "काका," तो हळू आवाजात म्हणाला, "घरी काकू आहेत ना?"

घरी काकू होत्या, आणि त्यांच्यासमोर बसून सर्जन त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होता. रस्त्यानं येताना त्याच्या मनात विचित्र भीती शिरली होती: आपल्या बायकोच्या चेहऱ्यावर तीळ आहे का, हे आपल्याला सांगता येणार नाही. दारापाशी येईपर्यंत त्यानं आठवून बघितलं. कपाळ आठवलं, केस आठवले, रागावली की ओठ एका बाजूला जातात ते आठवलं, पण बाकी सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं ते गुळगुळीत, शाई भरलेलं, लग्नाच्या फोटोतल्यासारखं. तो फोटोही त्यानंच साफ केला होता, चांगले चार दिवस खपून. आणि बायकोनं तो बघून एवढंच म्हटलं होतं, की मुलगी छान आहे, कुणाची आहे? तेव्हा त्याला ती थट्टा वाटली होती. आता बघतो तर कानाच्या पाळीजवळ एक तीळ होता, हनुवटीखाली दुसरा होता, आणि भुवईत एक जुनी खोक होती, तिच्यावर केस उगवले नव्हते. ही कधी पडली, कशानं पडली, त्याला काही माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात ती खोक समोर बसून जेवत होती.

"काय झालंय?" बायकोनं हातातली वाटी खाली ठेवली. "काही फोडलंत का?"

"नाही."

"मग असं काय बघताय? आपलं काही वाईट झालंय आणि ते तुम्ही मला सांगत नाही आहात, असं बघताय."

त्यानं सांगून टाकलं, तिळाचं सगळं. बायको हसेल असं त्याला वाटलं होतं, ती हसली नाही. गुडघ्याला मलम चोळत ती म्हणाली, "उठा आणि त्या फोटोवाल्याला सांगा. त्यात काय एवढं?" आणि मग, मलमाचं झाकण लावताना, "सासूबाईंच्या वेळेसारखं करून ठेवू नका." एवढं बोलून ती आत गेली, आणि सर्जन चपापला, कारण ती गोष्ट त्यानं मनातून इतकी सफाईनं पुसली होती, की बायकोला ती माहीत आहे हेसुद्धा तो विसरला होता. वडिलांचा एकुलता एक फोटो होता. त्यात त्यांच्या कॉलरवर एक माशी बसलेली होती, अगदी स्पष्ट, पंखांसकट. हे काम शिकल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं ती माशी काढली, कॉलर पुन्हा पांढरी केली आणि फोटो आईपुढं नेऊन धरला. आई फोटोकडे बघत राहिली. म्हणाली, "माशी कुठं गेली?" तो अभिमानानं म्हणाला, "काढली." त्यावर आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग बोलली तेव्हा म्हणाली, "ती माशी बसली म्हणून ते हसू दाबत होते. मी पलीकडे उभी होते. आता तो माणूस उगाचच तोंड दाबून बसलाय." तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता, आणि आईला कलेतलं काही कळत नाही असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. तेच समजावणं तो पुढं एकतीस वर्षं सगळ्यांच्या बाबतीत वापरत आला. आता खुर्चीवर बसल्या बसल्या त्याला आईची इतकी आठवण आली, की त्यानं बामाची बाटली उघडली आणि उगाचच कपाळाला लावला, म्हणजे डोळ्यांत पाणी का आलं हे विचारायला कुणी आलं तर उत्तर तयार असावं.

शुक्रवारी त्यानं औषधांच्या दुकानाचा नाद सोडला आणि सरळ शाळेच्या फाटकासमोर जाऊन उभा राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस शाळा सुटताना फाटकाशी घोटाळतो म्हटल्यावर लोक बघणारच. दोन आयांनी आपापल्या मुलींचे हात घट्ट धरले. घंटा झाली. मुलं ओसरली आणि मग बाई बाहेर आल्या, काखेत छत्री धरून, फाटकाला कडी घालायला. तो तीन हातांवर होता. ऊन बाजूनं पडत होतं, म्हणजे अशा कामाला हवं तसंच. शंकेला जागाच उरली नाही. तीळ होता, चांगला उठावदार, आणि त्यातून एक केस निघाला होता, अर्ध्या तांदळाएवढा, टोकाशी किंचित वळलेला. सर्जननं तो केस इतका मन लावून बघितला, की आयुष्यात त्यानं दुसऱ्या कुठल्या केसाकडे असं बघितलं नसेल. बाईंनी मान वर केली. "कोण हवंय?" त्यांनी विचारलं. ही वेळ होती. 'बाई, मी तुमचा तीळ खरवडला,' एवढंच म्हणायचं होतं. पण ते वाक्य तोंडापाशी येऊन असं काही वेडगळ दिसायला लागलं, की तो "कुणी नाही, चुकून आलो," म्हणाला आणि भराभर चालू लागला. पाठीमागून "मग घरी जा," असा आवाज आला.

शनिवारी दुपारी एक वाजता तो दालनात पोहोचला. फोटो लागले होते. दारात भलामोठा फलक होता आणि त्यावर फोटोग्राफरच्या अक्षरात लिहिलं होतं: 'या चेहऱ्यांत मी काही घातलेलं नाही, काही काढलेलं नाही.' ते वाचून सर्जनचं धाबं दणाणलं. फोटोग्राफर जेवायला गेला होता. दालनाचा रखवालदार "शेवटचा हात मारायचाय का? मारा," म्हणून बाकावर डुलक्या घेत बसला. सर्जननं पिशवीतून शाईची वडी काढली, बशीत पाणी घेतलं, भिंग डोळ्याला लावलं. कागद खरवडला की त्या जागी शाई फाकते. म्हणून ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, श्वास धरून, त्यानं अकरा वेळा टोक टेकवलं. आणि तीळ उगवला. जिथं होता तिथंच, होता तेवढाच. त्याचा जीव भांड्यात पडला. इथं तो थांबला असता तर सगळं गुपचूप मिटलं असतं. पण ब्रशात थोडी शाई उरली होती, हात आज देवासारखा चालत होता, आणि कालचा तो केस डोळ्यांपुढून हलत नव्हता. तीळ परत दिला, मग केस का ठेवून घ्यायचा? ही फोटोतल्या बाईंची भरपाई आहे असं तो स्वतःशी म्हणाला, पण खरं सांगायचं तर त्याला आपली करामत दाखवायची होती, कुणी बघणारं नसलं तरी. त्यानं ब्रश जिभेवर फिरवला आणि एका दमात केस ओढला, टोकाशी किंचित वळवून. लांबून बघितलं. असा केस त्यानं जन्मात काढला नव्हता.

पाच वाजता माणसं आली, साडेपाचला बाई आल्या. नीट घडीचे कपडे, हातात कार्ड, छत्री होतीच. दारात माणसांचा घोळका बघून त्या सवयीनं "एका बाजूनं चला," म्हणाल्या आणि घोळका खरोखरच एका बाजूला झाला. फोटोग्राफर हात पसरून पुढं आला, त्यांना त्यांच्या फोटोसमोर नेऊन उभं केलं. सर्जन खांबाशेजारी होता. बाई फोटोकडे लांबून बघत राहिल्या, मग जवळ गेल्या, चष्मा वर सरकवला, नाक जवळजवळ कागदाला टेकवलं, आणि नखानं काहीतरी उचकटायला लागल्या.

"अहो बाई, हात नका लावू," फोटोग्राफर म्हणाला.

"केस चिकटलाय. काढतेय." नख दोनदा घसरलं. बाईंनी फुंकर मारली. केस हलला नाही. मग त्यांचा हात सावकाश स्वतःच्या गालाकडे गेला, तिथं थांबला, आणि त्या वळून म्हणाल्या, "हा फोटोतच आहे. पण त्या दिवशी तर नव्हता."

"कॅमेऱ्याला दिसला तो होताच," फोटोग्राफर म्हणाला आणि फलकाकडे बोट दाखवलं. "मी काही घालत नाही, काही काढत नाही."

"मी दर रविवारी तो केस उपटते. तुम्ही मला अडवलंत तो सोमवार होता, पहिली घंटा देऊन मी बाहेर आले होते. रविवारी उपटलेला सोमवारी एवढा वाढतो होय?"

कुणीतरी फोटो भिंतीवरून किंचित पुढं ओढून पुठ्ठ्यामागं लिहिलेलं बघितलं. सोमवार होता. पण तेवढ्यात दोघंचौघं हसले होते, फोटोग्राफरही हसला, वय झालेल्या माणसाकडे बघून हसतात तसा, समजुतीनं. "असेल हो बाई, एखादा रविवार राहिला असेल. आपला चेहरा आपल्याला कुठं एवढा आठवतो," तो म्हणाला. पुन्हा हसू झालं. आयुष्यभर ज्यांच्या आवाजावर चारशे पोरं उठली बसली, त्या बाईंनी तळवा गालावर ठेवला आणि तो तीळ झाकून उभ्या राहिल्या. ते बघून सर्जन खांबापासून कधी निघाला आणि मध्ये कधी येऊन उभा राहिला, हे त्यालाच समजलं नाही.

"बाई बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "तो केस फोटोत नव्हता. मी रंगवलाय."

फोटोग्राफरनं त्याच्याकडे बघितलं, मग फलकाकडे, मग परत त्याच्याकडे. "सर्जन, काय बोलताय तुम्ही?"

"तीळ होता. तो मी डाग समजून खरवडला, तुमच्या निगेटिव्हवर खापर फोडून. मग या बाई दिसल्या. म्हणून आज दुपारी तीळ परत रंगवला, आणि हात आवरला नाही म्हणून वर केस घातला. चूक माझी आहे. दोन्ही वेळची."

दालनात कुणी हसलं नाही. फोटोग्राफर तोंड उघडून उभा होता, आणि त्याची मान आता अगदी ताठ वर होती. पण सर्जनला तिकडे बघायला वेळ नव्हता. बाई त्याच्यासमोर आल्या होत्या.

"शाळेच्या फाटकाशी उभे होतात ते तुम्हीच ना?"

"हो."

"कुणाला विचारून काढलात माझा तीळ?"

"कुणालाच नाही."

"आता काय करणार?"

"केस काढतो. तीळ राहू देतो." त्यानं पिशवीतून ब्लेड काढलं आणि फोटोकडे वळला. पातं कागदाला टेकण्याआधीच त्यानं मागं घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून फोटोग्राफरच्या हातात दिला, त्यानं तो मुकाट्यानं धरला. छत्री भिंतीला टेकवली. मग खिडकीतल्या उजेडाकडे डावा गाल करून, हनुवटी वर उचलून, त्या सर्जनच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "आधी इकडे बघा. न बघता सुरू करता म्हणून चुकता."

त्यानं भिंग डोळ्याला लावलं, मग काढून खिशात टाकलं आणि नुसताच बघायला लागला. तीळ होता. केस काल होता तेवढाच होता, रविवार उद्यावर होता. डोळ्याच्या कोपऱ्यात खडूची पांढरी पूड बसली होती. नाकावर चष्म्याचे दोन खड्डे होते, त्यातला एक जास्त खोल. ओठावर बारीक उभ्या रेघा, कानात एक भोक रिकामं, आणि गालाच्या खाली काहीतरी हलत होतं, बहुतेक बाई दात आवळून हसू दाबत होत्या, किंवा राग. त्याला ठरवता येईना. लोक ताटकळले. कुणीतरी खोकलं.

"झालं का बघून?" बाईंनी विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला.